वंगणाची गोष्ट – भाग ११ : एरंडेलाने लावलेलं भांडण

काळ्या ऑइलवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आज नाही. अभोण्याच्या एका वाचकाचं पत्र मध्ये आलं. त्यांच्याकडे पिकअप आहे. उन्हाळ कांदा निघायला लागला की ती शेतातून कळवणच्या मार्केटला, आणि भावाची कुजबुज ऐकू आली तर उमराण्याला नाहीतर पिंपळगावला, अशी दिवसरात्र पळते. मागच्या सर्व्हिसिंगला कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी सिंथेटिक टाकलं. आता खिशाकडे बघून नेहमीच्या साध्या, म्हणजे खनिज ऑइलवर परत यायचं म्हणतात, तर मिस्त्रींनी हात वर केले. "एकदा सिंथेटिकची सवय लागली की इंजिन साधं घेत नाही. माघारी फिरलात तर बसेल."

उत्तर चार ओळींचं आहे. खुशाल माघारी फिरा. इंजिन गरम असताना चेंबरचा नट काढून ऑइल पूर्ण निथळू द्या, फिल्टर बदला, साधं भरा. आत उरलेल्या पाव-अर्ध्या लिटरची चिंता नको, ते नव्यात मिसळून जातं. उद्या रस्त्यात पातळी कमी दिसली आणि दुकानात दुसऱ्याच प्रकारचं मिळालं, तरी घालून घरी या.

पण हे सांगून मला थांबवत नाही, कारण ही 'मिसळू नका'ची भीती आली कुठून, हा माझा जुना नाद आहे. कळवण काय, सटाणा काय, गॅरेजोगॅरेजी हे वाक्य ऐकलंय आणि प्रत्येक मिस्त्रीने ते आपल्या उस्तादाकडून ऐकलंय. मागे मागे जात राहिलं की शेवटी आपण येऊन पोचतो एरंडेलापाशी.

हो, तेच एरंडेल, आजी चमच्याने घशात ओतायची ते. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमानं नवीन होती, वेगाने फिरणाऱ्या इंजिनात तेव्हाचं खनिज ऑइल तापलं की पातळ होऊन जायचं. एरंडेल मात्र तापल्यावरही धातूला धरून राहतं. वेकफिल्डच्या माणसांनी ते ऑइलमध्ये घातलं आणि १९०९ साली कॅस्ट्रॉल हे नाव पुढे आलं, तेही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांची विमानं तर सरळ एरंडेलावर उडायची. त्या इंजिनात पंख्याबरोबर सगळे सिलिंडरही गरगर फिरत. तेल एकदा आत गेलं की परत टाकीत येत नसे, धुराबरोबर बाहेर फेकलं जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. परिणाम काय होत असेल ते ज्यांनी लहानपणी एरंडेल घेतलंय त्यांना सांगायला नको.

आता मुद्दा. एरंडेल आणि खनिज ऑइल एकमेकांत विरघळत नाहीत. पटत नसेल तर करून बघा. काचेच्या बाटलीत निम्मं औषधाच्या दुकानातलं एरंडेल आणि निम्मं १५डब्ल्यू-४० ओता, बूच लावून जोरात हलवा. गढूळ, दुधाळ असं काहीतरी तयार होतं. खिडकीत ठेवून द्या. जड एरंडेल हळूहळू तळाला बसायला लागतं, वर तांबूस ऑइल राहतं, आणि दुसऱ्या दिवशी मधली रेघ बोटाने दाखवता येते. इंजिनात असं झालं तर पंप कधी हे ओढणार, कधी ते. शिवाय एरंडेल जळून राळेसारखा चिकट थर धरतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना एरंडेलाचं ऑइल भरण्याआधी खनिज ऑइल पार काढून टाका, अशी सक्त ताकीद असायची. ती ताकीद शंभर टक्के खरी होती. एरंडेल गेलं, ताकीद मात्र गॅरेजमध्ये राहून गेली.

तिला खतपाणी घालणाऱ्या दोन गोष्टी नंतर घडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पॉलिग्लायकॉल जातीचं इंजिन ऑइल काही काळ विकलं गेलं. कृत्रिम होतं आणि तेही खनिज ऑइलमध्ये मिसळत नव्हतं. आज ही जात गाडीच्या एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये सापडते, इंजिनात नाही. दुसरी गोष्ट १९७०च्या दशकातली. तेव्हा बाजारात आलेल्या पीएओ जातीच्या सिंथेटिकमुळे रबरी सील जरा आकसायचं, एस्टर जातीच्या सिंथेटिकमुळे फुगायचं. जुन्या गाड्या गळायला लागल्या आणि सिंथेटिकचं नाव खराब झालं. कंपन्यांनी मग दोन्हींचं प्रमाण जुळवून सील जागच्या जागी राहील असं मिश्रण बसवलं. ते बसूनही आता एक पिढी उलटली.

मागच्या भागांतलं तिसऱ्या गटाचं बेस ऑइल नियमित वाचकांना आठवत असेल. आज 'सिंथेटिक' लिहिलेल्या बहुतेक डब्यांत तेच असतं. म्हणजे निघालं जमिनीखालच्या कच्च्या तेलातूनच, फक्त हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचे रेणू तोडून-जोडून पार स्वच्छ केलेले. याला सिंथेटिक म्हणायचं का यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल अमेरिकेत जाहिरातींच्या पंचांपुढे भांडले आणि १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. मला तो निकाल तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही, पण आपल्या प्रश्नापुरता तो सोयीचा आहे. साधं आणि सिंथेटिक ही एकाच आईची लेकरं निघाली, तर एका ताटात जेवायला त्यांना अडचण कसली? आणि 'सेमी सिंथेटिक' म्हणून जो डबा मिळतो त्यात कंपनीने स्वतःच दोन्ही मिसळलेली असतात. डब्यावर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा शिक्का हवा असेल तर ऑइल इतर इंजिन ऑइलांत मिसळतं, थर धरत नाही, हे चाचणीत दाखवावंच लागतं.

मिसळल्याने नुकसान होतं ते पैशाचं. लिटरभर सिंथेटिक चार लिटर साध्यात गेलं की त्याचा मोठेपणा संपला. बदलायचे किलोमीटर मग साध्याच्या हिशोबानेच धरायचे.

मिस्त्रींच्या बोलण्यात तथ्य कुठे आहे तेही सांगतो. झिजलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० चालत असेल आणि सिंथेटिक म्हणून एकदम ५डब्ल्यू-३० भरलं, तर ते रिंगांमधून जळेल, सीलमधून पाझरेल. दोष सिंथेटिकचा नाही, ग्रेडचा. ५०चं ३० केलं म्हणजे शंभर अंशांवरचा घट्टपणा निम्म्याच्या आसपास येतो. साध्यातलं ३० भरलं असतं तरी हेच झालं असतं. डब्ल्यूच्या आधीच्या, म्हणजे थंडीच्या आकड्याचा आपण उगाच बाऊ करतो. १५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली वीस अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडला पारा पाचापर्यंत उतरला की पेपरात बातमी येते.

सिंथेटिकचे पैसे वसूल होतात ते उष्णतेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर भरली जीप दुसऱ्या गिअरवर चढते तेव्हा इंजिन ताकद पूर्ण लावतं आणि समोरून वारा मात्र लागत नाही. नवरात्रात खासगी गाड्या खालीच थांबवतात, तो ताण मग एसटीच्या वाट्याला येतो. रोज गड करणाऱ्याने सिंथेटिक घ्यावं. कळवण-देवळा सपाटीवर चालवणाऱ्याने साधं वेळेवर बदललं तरी पुष्कळ.

मोटारसायकलवाल्यांनी एक जपावं. चारचाकीतलं उरलेलं ऑइल फुकट जाऊ नये म्हणून दुचाकीत ओतायचं नाही, मग ते कितीही भारी असो. दुचाकीचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि गाडी चढावर तिथंच. दुचाकीच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असतं ते याचसाठी. आणि ब्रेक ऑइलच्या बाबतीत 'मिसळू नका' अक्षरशः पाळायचं. त्यात इंजिन ऑइलचे थेंब गेले तरी सगळी रबरं फुगतात.

राहता राहिली अभोण्याची पिकअप. पत्रात गाडी कोणत्या सालची ते नाही. १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर वर जे 'खुशाल' म्हटलं त्याला एक अट. त्या गाडीच्या धुराड्यात बहुधा डीपीएफ, काजळी पकडणारी जाळी असेल. काजळी जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या द्रव्यांची राख जळत नाही, ती जाळीत बसून राहते. जुन्या सीआय-४ जातीच्या ऑइलात ही राख जास्त, सीके-४ मध्ये १ टक्क्याच्या आत. तेव्हा गाडीचं पुस्तक उघडून त्यात लिहिलेली अक्षरं आणि डब्यावरची अक्षरं जुळवा. जुळली तर साधं की सिंथेटिक हे मला विचारायचंही कारण नाही. पुस्तक हरवलं असेल तर गाडीचं साल आणि मॉडेल कळवा.

काळं ऑइल पुढच्या आठवड्यात. मध्ये आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.