उन्हाळ्यातलं सहस्रकुंड

मैत्रिणींनो, सहस्रकुंडला मे महिन्यात कोणी जातं का? मी गेले. माहेरच्या लग्नाहून परतताना जावेला म्हटलं, वाट जराशी वाकडी करू. उमरखेड तालुक्यातल्या मुरली गावाकडून नदीवर पोचलो, तर धबधबा नावालाही नाही. जाऊ म्हणाली, "कावून वं, गोटे दाखवाले आणलं का मले?"

पण खरं सांगू, गोटेच पाहण्यासारखे होते. पावसाळ्यात फेसाखाली दडलेला काळा कातळ उघडा पडला होता. पैनगंगेच्या पात्रात नाकासारखं पुढे आलेलं टोक आणि बाजूला खोल कपारी. इकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याला जागोजागी रांजणासारखे खड्डे पडलेत. पुरात भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि खडक आतून घासत जातात, जात्यात दळण दळावं तसे. एका रांजणात मी हात घातला, तर तळाशी गोटा होताच, वरवंट्यासारखा गुळगुळीत!

दगडावर पाय ठरत नव्हता. तरी चिरेत पिंपळाचं रोप तग धरून होतं. खालच्या डोहात हिरवट पाणी आणि त्यात मासोळ्या. बाकी पात्र आटलं तरी त्या अशा डोहांतच जीव धरून राहतात, नि पूर आला की नदीभर पसरतात. नदीचं बियाणंच म्हणा ना.

पुढे रेती लागली. तिथे टिटवी नुसती ओरडत होती. तिची अंडी गोट्यांत इतकी मिसळलेली, की जावेचा पाय पडता पडता राहिला. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, असं आपल्याकडे म्हणतात. ही तर पात्रातच! जाऊ काळजीत पडली. तिच्या घरी कोरडवाहू कापूस आहे.

थोड्या अंतरावर तीन बाया झिरा उकरून वाटीवाटीनं गुंड भरत होत्या. वर इसापूरचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं नाही, तर उन्हाळ्यात इथली नदी अशीच. मी म्हटलं, "मावशी, नदीत पाणीच नाही की हो."

"हाय ना बाई. रेतीत लपून बसते. रेतीच नेली, तर लपन कुठं?" त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दाखवल्या. तिथला झिरा औंदा लागलाच नव्हता. रेतीखाली ऊन पोचत नाही, म्हणून पाणी टिकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते डोईवरच्या गुंडानं शिकवलं होतं.

मावशींनी आम्हाला पेलाभर पाणी दिलं. गार होतं. परतताना जावेनं टिटवीच्या अंड्यांपासून हातभर दूर चार मोठे गोटे मांडले, ट्रॅक्टरवाल्याला लांबूनच दिसावेत म्हणून.