हवा कोंडून राखलेलं धान्य

अक्कलकुवा तालुक्यातलं खापर हे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं गाव. सातपुड्याच्या या पट्ट्यात घरचं धान्य पूर्वापार बांबूच्या कणगीत राहतं. कणगी शेणामातीनं लिंपायची, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, वरून पुन्हा लिंपायचं. ओल आणि उंदीर ती बऱ्यापैकी अडवते. पण लिंपण सुकलं की तडकतं, आणि भेगेतून येते तेवढी हवा किड्याला पुरते.

तुरीच्या दाण्यावरचं गोल भोक हे भुंगा बाहेर पडल्याचं. आत शिरणारी अळी इतकी बारीक, की तिची खूणही डोळ्याला दिसत नाही. अंडी पुष्कळदा शेतातच, शेंगेवर घातलेली असतात. म्हणजे कीड बाहेरून येत नाही, आपणच ती धान्यासोबत घरात आणतो.

तिच्यावर खरा उपाय हवा तोडण्याचा. बंद जागेत किडे आणि दाणे मिळून प्राणवायू संपवत आणतात. कोरडं धान्य खाणाऱ्या किड्याला प्यायला पाणी कुठलं? खाल्लेल्या अन्नातून, प्राणवायूच्या जोरावर, तो ते अंगातच तयार करतो. प्राणवायू तुटला की तहानेनं मरतो.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरनं ही विद्या जमिनीखाली नेली. तिथली हळदीची पेवं म्हणजे अरुंद तोंडाचे, खाली पोट फुगलेले खोल खड्डे. हळद भरून तोंड बुजवलं की ती वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्याबरोबर आत उतरणं जिवावर बेतू शकतं, इतकी ती हवा मेलेली असते. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली.

तेच तत्त्व आता पोत्यात आलं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक यांनी कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी ही पद्धत बसवली. बाहेर विणलेलं पोतं, आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. हवा दाबून काढायची, एकेका पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन, दुमडून दोरीनं आवळायचं. मात्र दाणा कडकडीत वाळलेला हवा, नाहीतर आत बुरशी धरते.

खापरच्या परिसराला मला ही पिशवी फार मोलाची वाटते. ज्या खोलीत धान्य, त्याच खोलीत लेकरं झोपतात, तिथं विषारी गोळ्या नकोतच. आणि किडीच्या धास्तीनं सुगीतच, पडत्या भावात तूर विकायची पाळी टळते, पेरणीपुरतं बियाणंही घरचं राहतं.