गाणे शिकून मार्क वाढतात का?

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर क्लेमेंटी स्टेशनकडे चालता चालता आम्ही काही पालक बोलत होतो. विषय नेहमीचाच, पीएसएलई! परीक्षेच्या वर्षी मुलांचा गाण्याचा क्लास बंद करावा का? कुणीतरी म्हणाले, "पण गाण्याने बुद्धी वाढते म्हणतात ना? मग मार्कही वाढतील." आमच्या घरीही सध्या हाच प्रश्न आहे, म्हणून थोडे वाचन केले. आम्ही संगीतातले जाणकार नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे आहोत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी मार्कांचे पाहू. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना १० मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकवून लगेच आकृत्यांची कोडी घातली. ती त्यांना जरा बरी सुटली, पण हा परिणाम पाव तासात ओसरला. हे विद्यार्थी लहान मुले नव्हते आणि ते संगीत शिकलेही नव्हते, त्यांनी नुसते ऐकले होते. तरीही "मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल" असा बोलबाला झाला.

खरोखर शिकवून पाहिले ते २००४ साली टोरांटोच्या प्रयोगात. ६ वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींना गाणे किंवा कीबोर्ड शिकवला, काहींना नाटक, तर काहींना काहीच नाही. वर्षाअखेर संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७ अंकांनी वाढला, इतरांचा ४ च्या आसपास. म्हणजे फरक आहे, पण थोडाच. पुढे २०२० साली ५४ अभ्यास आणि सुमारे ७००० मुले एकत्र घेऊन हिशेब मांडला गेला. त्यात प्रयोग जितका काटेकोर, तितका हा फायदा शून्याकडे गेलेला दिसला.

तात्पर्य, मार्कांसाठी गाणे शिकवू नये. मार्कांसाठी अभ्यासच करावा लागतो.

मग क्लास बंद करायचा का? आमच्या मते नाही, कारण मुलांना मिळते ते वेगळेच आहे.

पहिली गोष्ट तालाची. मुलांनो, तीनतालात १६ मात्रा असतात:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

१, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी, ९ वर खाली. आता ५ मात्रांचा एक तुकडा घ्या आणि समेपासून तीनदा वाजवा. दोन तुकड्यांच्या मध्ये १ मात्रा थांबा. ५ + १ + ५ + १ + ५ = १७. म्हणजे शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर पडतो! हिलाच तिहाई म्हणतात. वहीतला हिशेब चुकला तर खोडता येतो, इथे सम निघून जाते. म्हणून आधी सावकाश, बिनचूक, आणि मग लय वाढवायची. प्रोग्रॅम लिहितानाही आम्हाला हीच शिस्त लागते, पण ती आम्ही फार उशिरा शिकलो.

दुसरी गोष्ट भाषेची. इथल्या शाळांत आपली मुले मातृभाषेच्या तासाला बहुधा हिंदी शिकतात, कारण मराठी हा विषय तिथे नाही. त्यामुळे 'ळ' जिभेवर बसत नाही. आमची धाकटी 'वेळ'ला 'वेल' आणि 'पाळणा'ला 'पालना' म्हणत असे. आम्ही शंभरदा सुधारले, ती शंभरदा रुसली. मग गाण्याच्या बाईंनी तिला एक पाळणा शिकवला. गाताना शब्द सावकाश येतो, त्यामुळे जीभ मागे वळवून टाळूला लावायला सवड मिळते. ह्रस्व अक्षर आखूड, दीर्घ अक्षर लांब, हेही आपोआप कळते. महिन्याभरात 'ळ' आला, आणि रुसवा न होता आला!

आणखी एक. क्लासला जाऊन, वहीत स्वर लिहून गाणे शिकता येते, ही सोय पूर्वी नव्हती. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. सामान्य घरांतल्या मुलांसाठी वर्ग, क्रमिक पुस्तके, परीक्षा असे सगळे त्यांनी बसवले. तिकडे पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी सोपी स्वरलिपी रूढ केली. खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब. मुलांच्या वहीत दिसतात ती टिंबे हीच.

शेवटी आमची चूक सांगतो. थोरल्याचा तबला आम्ही परीक्षेच्या वर्षी "फक्त वर्षभरासाठी" बंद केला. परीक्षा झाली, निकाल लागला, पण तबला कपाटावरून खाली आला नाही. त्याच्या मार्कांत त्याने काही भर पडली असे आम्हाला वाटत नाही. धाकटीच्या वेळी क्लास चालू ठेवायचा, घरचा रियाज मात्र रोज १५ मिनिटांवर आणायचा, असे ठरवले आहे. सगळी मुले तानसेन होणार नाहीत, पण कानसेन झाली तरी पुष्कळ.

मुलांनो, घरी जाताना एमआरटीत मांडीवर तीनताल धरून पाहा. क्लेमेंटीपासून पुढच्या स्टेशनपर्यंत किती आवर्तने होतात, ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा!