कुरेहून निघालेला कारखाना

फेब्रुवारी 1978 मध्ये जपानच्या कुरे बंदरातून टगबोटींनी एक कारखाना ओढून समुद्रात काढला. कारखान्याची यंत्रं नव्हेत, अख्खा कारखाना. सुमारे 230 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद अशा पोलादी तराफ्यावर लाकूड शिजवणारे डायजेस्टर, लगदा धुण्याच्या टाक्या, वाळवणीचं यंत्र, पाइप आणि केबल असं सगळं जागच्या जागी बसवलेलं होतं. तेवढाच लांब दुसरा एक तराफा होता. त्यावर 55 मेगावॉटचं वीजघर होतं. प्रत्येकाचं वजन सुमारे 30,000 टन. पनामा कालव्यातून एवढ्या रुंदीचं काही जाऊच शकत नव्हतं. म्हणून हिंदी महासागर, केप ऑफ गुड होप आणि मग अटलांटिक असा सुमारे 25,000 किलोमीटरचा वळसा घेऊन हे धूड ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनला मिळणाऱ्या जारी नदीवर पोहोचलं.

हा उद्योग डॅनियल लडविग या अमेरिकन जहाजमालकाचा. तेव्हा त्याने ऐंशी गाठली होती. जगातल्या मोजक्या धनाढ्यांत त्याची गणना व्हायची, पण मुलाखती देणं त्याला अजिबात मानवत नसे. 1967 मध्ये त्याने जारीकाठी प्रचंड मोठं जंगल विकत घेतलं. जगात कागदाची टंचाई होणार, आणि तेव्हा भराभर वाढणारं लाकूड ज्याच्याजवळ असेल तो कमावणार, हा त्याचा होरा होता. पण घनदाट जंगलात लगद्याचा कारखाना उभारायचा कसा? रस्ता नाही, वर्षातले कित्येक महिने धो धो पाऊस, आणि चांगला वेल्डर शोधायला शेकडो मैल जावं लागणार. साइटवर कारखाना बांधायचा तर आधी एक गाव वसवावं लागतं आणि काम संपेपर्यंत ते पोसावं लागतं. बांधकामाच्या खर्चाचा मोठा वाटा अशा ठिकाणी पोसण्यातच जातो.

लडविगकडे याला उत्तर तयार होतं, कारण ते त्याच्या जहाजधंद्यातलंच होतं. दुसऱ्या महायुद्धात ‘यामातो’ ही महाकाय युद्धनौका जिथे बांधली गेली, ती कुरेची गोदी त्याने 1951 मध्ये भाड्याने घेतली. एल्मर हान हा त्याचा माणूस अमेरिकेतल्या कैसर कंपनीच्या जहाजबांधणी यार्डातून आलेला. युद्धकाळात तिथे जहाजाचे भाग वेगवेगळे जोडून, मग क्रेनने उचलून एकत्र वेल्ड करायची पद्धत रुळली होती. हानने ती कुरेत आणली. हिसाशी शिंतो या जपानी अभियंत्याने ती आत्मसात केली आणि पुढे नेली. 1950 च्या दशकाअखेरीस याच गोदीतून एक लाख टनांहून जास्त माल वाहणारं तेलवाहू जहाज बाहेर पडलं. इशिकावाजिमा-हारिमा कंपनीने लडविगचा कारखाना बांधला तोही याच गोदीत. जहाज तुकड्यातुकड्याने जोडता येतं, तर कारखाना का नाही, एवढाच तो विचार.

अशा तुकड्यातुकड्याने केलेल्या, म्हणजे मॉड्यूलर बांधकामाचा खरा फायदा पैशापेक्षा वेळेत असतो. एरवी पायाचं काम पुरं झाल्याशिवाय वरचं काम हाती घेता येत नाही. इथे कुरेत पोलाद जोडलं जात असताना तिकडे जारीकाठच्या मुंगुबाला, कारखान्याच्या जागेवर, पाया तयार होत होता. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मचंही असंच असतं. जॅकेट (पाण्यातला पोलादी सांगाडा) आणि डेक किनाऱ्यावरच्या यार्डात वेल्ड होतात, मग बार्जवर चढवून समुद्रात नेतात. शिवाय समुद्रात एक दिवस काम करणं किनाऱ्यावरच्या दिवसापेक्षा कितीतरी महाग पडतं.

मुंगुबाचा पाया मात्र बघण्यासारखा होता. नदीकाठी बांध घालून मोठं कुंड तयार केलं आणि त्याच्या तळात मासारांदुबा या स्थानिक झाडाचे साडेतीन हजारांहून अधिक खुंट ठोकले. हे लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड, आणि पाण्याखाली लवकर कुजत नाही. सगळ्या खुंटांची डोकी एका पातळीत छाटायची होती. खुंट उंच-सखल राहिले असते, तर 30,000 टनांचं ओझं थोड्याच खुंटांवर पडलं असतं. मग कुंडात पाणी सोडलं, तराफा तरंगत आत घेतला, नेमक्या जागी धरला आणि पाणी उतरवत हळूहळू खुंटांवर टेकवला. दुसऱ्या तराफ्याचंही तेच केलं. त्यानंतर उरलं ते बाहेरच्या पाइपांची जोडणी आणि चाचण्या. 1979 मध्ये लगदा बाहेर पडू लागला. दिवसाला 750 टन ही त्याची क्षमता.

इथवर सगळं अभियंत्यांच्या हातात होतं. पण डायजेस्टरला घास द्यायचा तो लाकडाचा, आणि त्यासाठी लडविगने ‘ग्मेलिना आर्बोरिया’ निवडलं. म्हणजे आपली शिवण! दशमुळातल्या दहा मुळांपैकी एक हिचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडलेल्या फांद्यांवर पिवळ्या-तपकिरी फुलांचे घोस लागतात. हलकं लाकूड, भराभर वाढ. कागदावर पाहिलं तर याहून चांगलं झाड नव्हतं. पण जंगल साफ करायला त्याने सुरुवातीला अवजड बुलडोझर घातले आणि त्यांनी वरची पातळ सुपीक माती खरवडून टाकली. खालची जमीन दाबली गेली. शिवणीला चिकण जमीन मानवते. वाळूच्या जमिनीवर ती खुरटली. काही ठिकाणी मग पाइन आणि युकॅलिप्टस लावावा लागला. यंत्राची जागा, वजन, जोडणी इंचाइंचाने मोजणाऱ्या माणसाने मातीची पाहणी एवढी वरवर करावी, याचं मला आजही नवल वाटतं. यार्डात बांधलेल्या कारखान्याबरोबर सगळं येतं, जमीन तेवढी येत नाही.

लडविगने कामगारांसाठी मोंटे दोरादो हे शहर आखून बसवलं. समोरच्या काठावर मात्र कामाच्या आशेने आलेल्यांनी पाण्यावर खांब रोवून झोपड्यांची वस्ती उभारली. तिच्यासाठी कुणीही नकाशा केला नव्हता.

तोटा वाढत गेला, आणि 1982 मध्ये ब्राझीलच्या वीसहून अधिक कंपन्यांच्या गटाने प्रकल्प ताब्यात घेतला. त्यात आघाडीवर होते अझेवेदो आंतुनेस हे ब्राझिलियन खाणउद्योजक. पुढे मालक बदलत गेले. कुरेत जोडलेला कारखाना तिथेच, त्याच खुंटांवर, बरीच दशकं लगदा काढत राहिला. फक्त त्याच्या पोटात शिवणीऐवजी युकॅलिप्टस पडू लागला.