दांडा आधी, पातं मग

मागच्या मे महिन्यात ऑनलाइन मागवलेली छोटी कुऱ्हाड घेऊन गच्चीवर ढलप्या पाडत बसलो होतो. चौथ्या घावाला पातं दांड्यातून निसटलं आणि तुळशीशेजारची कुंडी फोडून पडलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पातं चकचकीत होतं, पोलादही बरं होतं. घात केला तो दांड्याने. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात. त्या दिवशी गोतात मी होतो.

पुढच्या बुधवारी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेलो. विळे, कोयते, खुरपी पोत्यावर मांडून बसलेल्या लोहाराला तुटक्या संसाराची कथा सांगितली. त्याने पातं हातात घेतलं, दांडा एका नजरेत पाहिला आणि म्हणाला, “लोखंड तं चांगलं हाये जी. पण दांडा उन्हाळा पाहिलेला नाही.”

सगळी गोम या एका वाक्यात आहे. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. जुलैत त्याच घरात कपडे वाळत नाहीत. ओलसर हवेच्या गावात घट्ट बसवलेला दांडा इथे आला की बारीक होतो आणि नेढ्यात खुळखुळतो. नेढं म्हणजे पात्यातलं, दांडा घालायचं भोक. ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा घरगुती उपाय आहे, पण तो फसवा. फुगलेलं लाकूड नेढ्याच्या भिंतींवर दाबलं जाऊन चेपतं आणि सुकल्यावर आधीपेक्षाही ढिलं पडतं. म्हणून कुऱ्हाड उन्हाळ्यात घ्यावी. मे महिन्यात जी हलत नाही, ती पावसाळ्यात आणखीच आवळते.

लाकूड कुठलं? अमेरिकेत हिकरी, युरोपात अ‍ॅश. आपल्याकडे धावडा आणि तिवस, दोन्ही विदर्भाच्या जंगलातले, चिवट आणि धक्का सोसणारे. बाभळीचाही चालतो. सुतार मात्र हमखास सागवान सुचवतो, कारण त्याच्याकडे तुकडे पडलेले असतात. साग दारं-खिडक्यांना सोन्यासारखा, पण घावाचे हादरे सोसण्यात कमी पडतो. दांडा टोकाकडून पाहा. वाढीच्या रेषा धारेच्याच दिशेत धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या असतील तर दांडा तिथेच फाटायचा. बाजूने पाहताना शिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात. मधेच तिरप्या होऊन बाहेर पडत असतील किंवा गाठ असेल तर परत ठेवा. रंगवलेला किंवा जाड वार्निश मारलेला दांडा मी हातात घेत नाही. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही आणि घामेजल्या हातात तो सरकतो.

आता पात्याकडे. गावठी कुऱ्हाड बहुधा ट्रकच्या कमानपाट्याची असते आणि त्यात कमीपणा काही नाही. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून त्याला ‘पाणी’ चढतं. बांधकामाच्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन फार कमी. तिला कितीही विझवा, धार टिकत नाही. पाणी देणं म्हणजे पातं लालभडक करून विझवायचं. त्याने ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटू शकतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात, धारेवर गवती पिवळा ते जांभळट रंग उतरेपर्यंत. लोहाराने जुनी कानस माझ्या हातात दिली. “धारेवर फिरवून पाहा न भाऊ.” कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं ठिसूळ. लोण्यासारखी रुतली तर पाणीच नाही. थोडी अडखळत, किंचित कीस काढत गेली तर घ्यायला हरकत नाही. माझ्या हाताखाली ती अडखळली.

त्याच चांगल्या पात्याची वाट घरी लावता येते. वेगवान ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं असं समजा. धार कानशीने आणि मग निसण्यावर, हातानेच काढावी.

आकाराच्या बाबतीत हौस आवरा. पाचशे ते सातशे ग्रॅमचं पातं आणि हातभराहून थोडा कमी दांडा पुरतो. आखूड दांड्याचा एक धोका मात्र आहे. उभं राहून मारलेला घाव चुकला तर पातं जमिनीत न जाता नडगीवर येतं. गुडघ्यावर बसा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. कुऱ्हाडीच्या माथ्यावर हातोडा मारू नका, नेढं पसरतं.

शिवाय आपलं काम असतं किती? वैदर्भीयांच्या सहलीत रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात. लाकूड लागतं ते वांग्याच्या भाजीच्या चुलीपुरतं, आणि तेही टालावरून विकत आणलेलं. झाडाला हात लावायचा प्रश्नच नाही. राखीव जंगलात झाड तोडणं आणि आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याच्या (१९७२) कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाताच येत नाही. ‘हे हत्यार नाही, अवजार आहे’ हा युक्तिवाद गेटवर करून पाहू नये. शहरातही कुऱ्हाड डिकीत, चामड्याच्या खोळीत असावी.

लोहाराने धावड्याचा दांडा तासून बसवला, पाचर ठोकली. वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळतो. विदर्भात ते मिळायला अडचण नाही. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा. आणि उमरेड रोडने कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात निघालात, तर कुऱ्हाड घरीच राहू द्या.