चैत्रातली पाताळगंगा

होळी झाली की कोकणातल्या लहानसहान नद्या डबक्यांवर येतात. साजगावच्या बाजूने जाणारी पाताळगंगा मात्र ऐन चैत्रातही वाहती असते. ही खोपोलीच्या वीजघराची करणी. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाचं पाणी अडवायचं, मोठाल्या नळांतून पाचशे मीटरहून खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, हा टाटांचा उद्योग १९१५ पासून चालू आहे. तेव्हा ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. चाकं फिरवून झाली की पाणी नदीत. मुळात हे पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं, भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारं. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून साजगावात येत, असं इथे सांगतात. त्यांच्यामागून त्यांची नदीही आली म्हणायची!

या पाण्याला अभयारण्याची पाटी नाही. महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीतली, म्हणजे रामसर स्थळं राज्यात तीन: नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार २०२० मध्ये यादीत आली, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये. रायगडातलं कर्नाळा पक्ष्यांचं खरं, पण ते जंगल. साजगावात पक्षी बघायचे तर धुणी वाळत घातलेल्या दगडांमधून बघायचे.

फाल्गुनात इथे दोन गर्दींची गाठ पडते. करडा धोबी आणि तुतवार हे हिवाळी पक्षी उत्तरेला निघायच्या बेतात असतात आणि नेमकी तेव्हाच इथल्या रहिवाशांची घरं मांडायची घाई सुरू होते. खंड्या काठाच्या मातीत बीळ कोरतो. तारवाली भिंगरी पुलाच्या पोटाला चिखलाची वाटी चिकटवते. शेपटीतून निघालेल्या दोन तारा दिसल्या की ओळख पटली. एरवी मातकट, उडाल्याशिवाय न दिसणारी ढोकरी उन्हाळा चढेल तशी पाठीवर गडद तांबूस शाल पांघरते. नवख्याला तो वेगळाच बगळा वाटतो.

खरी बघण्यासारखी टिटवी. घरटं म्हणजे गोट्यांमधला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगावर काळे डाग. हातभर अंतरावरूनही ती दिसत नाहीत. दुपारी दगड तापले की अंडी उबवण्याऐवजी थंड ठेवायची वेळ येते. मग टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, घाईघाईने परतते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते किंवा नुसती सावली धरून उभी राहते. पाणी जवळ असणं तिला किती मोलाचं, हे वैशाखातल्या एका दुपारी कळतं. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असा शेतकऱ्यांचा आडाखा आहे. नदीतलं पाणी मात्र विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होतं; तो आडाखा टिटवीला कुठून ठाऊक असणार? पाण्याच्या कडेला रेतीत अंडी घालणाऱ्या कंठेरी चिखल्याचीही तीच अडचण.

कर्जतकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून खाली येतं, पेज नदीत मिसळतं आणि राजनाल्याच्या कालव्याने उन्हाळी भाताला मिळतं. बाकी कोकण करपलेलं असताना इथे हिरवी खाचरं आणि त्यांत गायबगळे. माणसाने विजेसाठी आणि भातासाठी केलेली ही पाणथळ आहे. पक्ष्यांचा विचार तिच्या आराखड्यात नव्हता. तरीही उन्हाळ्यात ते तिच्याच भरवशावर आहेत, म्हणून पाटी नसली तरी तिची नोंद ठेवायला हवी, असं मला वाटतं.

जायचं तर सकाळी नऊच्या आत. साधी दुर्बीण पुरते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की समजावं, घरटं जवळ आहे. आलो त्याच पावलांनी मागे फिरावं. आणि पात्रात फार आत उतरू नये. वर यंत्रं सुरू झाली की पाणी चढतं.