लंडन–पॅरिस : अंतर तेच, वेळ वेगळा

लंडन ते पॅरिस हे हवाई अंतर सुमारे 344 किलोमीटर. शंभर वर्षांत ते तसूभरही बदललेलं नाही. ते कापायला लागणारा वेळ मात्र कितीदा बदलला, आणि कुठे येऊन थांबला, हे बघण्यासारखं आहे.

25 ऑगस्ट 1919 ला लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथ मैदानावरून एक डी हॅविलंड विमान निघालं आणि अडीच तासांनी पॅरिसच्या ल बुर्जेला उतरलं. आत उतारू एकच, तोही वार्ताहर. बाकी वर्तमानपत्रं, चामडं, शिकारीचे पक्षी आणि डेव्हनची साय. दोन देशांमधली रोजची विमानसेवा इथून रुजली. एकेरी भाडं 21 पाउंड, कामगाराची कित्येक आठवड्यांची कमाई.

तेव्हाचे वैमानिक खालचे रस्ते आणि रूळ बघत वाट काढत. 7 एप्रिल 1922 ला उत्तर फ्रान्सवर धुकं होतं. एकाच रस्त्याचा माग धरून समोरासमोरून आलेली दोन विमानं धडकली आणि सात जणांचा जीव गेला. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. आज आपण निर्धास्त बसतो त्यामागे या मार्गावर मोजलेली ही किंमत आहे, ती विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

वेगाची घाई मात्र लगेच आली नाही. 1931 मधली हँडली पेज कंपनीची चार इंजिनांची अवाढव्य विमानंही ताशी जेमतेम 160 किलोमीटरने जात, पण त्यांत ऐसपैस बसून जेवता येई. खरी उडी 29 जुलै 1950 ची. टर्बोप्रॉप इंजिनांचं व्हायकाउंट तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन लंडनच्या नॉर्थोल्टहून निघालं आणि तासाभरात ल बुर्जेला पोचलं. त्यानंतर 10 जून 1965 ला पॅरिसहून आलेल्या ट्रायडंट विमानाने हीथ्रोच्या धावपट्टीवर स्वयंचलित यंत्रणेने चाकं टेकवली. प्रवासी घेऊन असं उतरणारं ते पहिलं विमान. ज्या धुक्याने 1922 मध्ये घात केला, त्याच धुक्यावर शोधलेला हा उपाय होता.

पुढे जेटचा वेग वाढला, पण उतारूच्या पदरात फारसं काही पडलं नाही. आजही वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो. हवेत जेमतेम पाऊण-एक तास. बाकीचा वेळ धावपट्टीकडे सरकण्यात आणि रांगेत. त्यात शहराबाहेरच्या विमानतळांपर्यंतची ये-जा आणि सुरक्षा तपासणी मिळवा, की सहज चार तास होतात.

हा हिशेब पालटला तो रेल्वेने. इंग्लिश खाडीखालचा सुमारे 50 किलोमीटरचा बोगदा 1994 मध्ये खुला झाला. सुरुवातीला लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून पॅरिसला तीन तास लागत, कारण इंग्लंडातले रूळ जुने होते. नवा वेगवान मार्ग पुरा होऊन 14 नोव्हेंबर 2007 पासून गाडी लंडनच्याच सेंट पँक्रस स्थानकाहून सुटू लागली आणि प्रवास सव्वादोन तासांवर आला. लंडन आणि पॅरिस, दोन्हीकडची स्थानकं भर शहरात. या मार्गावरचे बहुसंख्य प्रवासी आज गाडीनेच जातात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

तेव्हा युरोपची सहल आखताना नुसता उड्डाणाचा वेळ बघू नका. हॉटेल ते हॉटेल हिशेब करा. गाडीसाठीही ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन्ही व्हिसा लागतात, आणि दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडी सुटण्याआधीच होते. म्हणून स्थानकावर तास-दीड तास आधी पोचा.